चर्चच्या व्हॉलंटिअर्सचं बॅकग्राउंड चेक कसं करायचं, अगदी पहिल्या फॉर्मपासून

संडे स्कूलला शिक्षक मिळत नाहीत ही तक्रार जवळपास प्रत्येक मंडळीत असते, त्यामुळे कुणी स्वतःहून "मी येते शिकवायला" म्हणालं की आपल्याला इतका आनंद होतो की त्याच रविवारी आपण तिच्या हातात हजेरीवही देऊन मोकळे होतो. मी पण हे केलंय, एकदा नाही तर कितीतरी वेळा.

मग काही वर्षांपूर्वी आमच्या तरुण संघात एक जण आला. गिटार छान वाजवायचा, मुलांमध्ये पटकन मिसळायचा, आधीच्या चर्चचं पत्रही होतं त्याच्याकडे. पोलिसांचा दाखला मागवला, तो कोरा आला, मला वाटलं झालं काम. पण आमच्या कमिटीतल्या एका ताईंना प्रत्येक कागद दोनदा वाचायची सवय, त्यांनी पत्रावरचा नंबर न लावता त्या चर्चच्या ऑफिसचा नंबर वेगळा शोधून काढला आणि फोन केला. पलीकडून कळलं की तिथे त्याला मुलांच्या कामातून थांबवलं होतं, मुलांना एकेकट्याला घरी बोलवायचा, दोनदा सांगूनही ऐकलं नव्हतं. गुन्हा कुठेच नोंदलेला नाही, त्यामुळे कुठल्याच रेकॉर्डमध्ये काही दिसणार नव्हतं. तो फोन दहा मिनिटांचा असेल फार तर.

हे सगळं आधी सांगतेय कारण बॅकग्राउंड चेक म्हणजे पोलिसांचा एक कागद आणायचा आणि फाइलला लावायचा असा समज फार आहे. तो कागद लागतोच, तो न घेता कुणालाही मुलांच्या खोलीत पाठवू नका, पण सगळा भार त्या एका कागदावर टाकलात तर फसाल. त्या कागदावर फक्त तेच येतं जे कुणीतरी तक्रार म्हणून सांगितलं, पोलिसांनी नोंदवलं आणि बऱ्याचदा कोर्टात सिद्ध झालं. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी न्यूयॉर्कच्या जॉन जे कॉलेजकडून एक मोठा अभ्यास करून घेतला होता, तो २००४ साली आला, त्यात १९५० ते २००२ या काळात मुलांच्या लैंगिक शोषणाचा आरोप झालेल्या धर्मगुरूंची आणि डीकनांची संख्या ४,३९२ निघाली आणि त्यातले दोषी ठरलेले २५२. म्हणजे बाकी हजारो जणांचा दाखला मागवला असता तर तोही आमच्या त्या गिटारवाल्यासारखा कोराच आला असता. लहान मुलं बोलत नाहीत, बोलली तर कित्येक वर्षांनी बोलतात, आणि तोपर्यंत माणूस दुसऱ्या गावाला दुसऱ्या चर्चमध्ये गेलेला असतो.

आधी कमिटीने काय ठरवायचं

पहिला फॉर्म छापायच्या आधी कमिटी बसवा आणि लिहून काढा की कुठल्या कामाला कुठली तपासणी. सगळ्यांना सगळंच लावायची गरज नसते. संडे स्कूल, नर्सरी, मुलांचा क्वायर, वेदीसेवक मुलांची तयारी घेणारे, सुट्टीतली बायबल शाळा, शिबिरं, हे तर उघड आहे. पण बऱ्याच ठिकाणी विसरतात ते वेगळेच लोक, व्हॅन चालवणारा, साउंड आणि कॅमेरा सांभाळणारा जो दर शनिवारी मुलांच्या प्रॅक्टिसला एकटाच असतो, इमारतीच्या चाव्या ज्यांच्याकडे आहेत ते, आणि आजारी किंवा वयस्क लोकांना घरी जाऊन भेटणारे. वयस्क माणूस एकटा राहत असेल, कपाट उघडं असेल, सही करायला हात थरथरत असेल, तर तिथे जाणारी व्यक्ती कोण आहे हे बघणं मुलांच्या इतकंच गरजेचं आहे, त्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात.

गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स आणि ड्रायव्हिंगचं रेकॉर्ड बघा. दान मोजणाऱ्याच्या बाबतीत फसवणूक, अफरातफर असलं काही आहे का ते बघा, त्याच्या वाहनाच्या दंडाशी तुम्हाला काही देणंघेणं नाही. मुलांच्या कामाला लैंगिक गुन्हे, हिंसा, मुलांविरुद्धचा कुठलाही गुन्हा, आणि जिथे अशा गुन्हेगारांची नोंदवही लोकांना बघता येते तिथे ती नोंदवही.

आणि त्याच मीटिंगमध्ये हेही लिहून ठेवा की काय सापडलं तर काय करायचं. हे आधी लिहा, नाव समोर यायच्या आधी. एकदा रिपोर्ट हातात आला आणि त्यावर खजिनदारांच्या पुतण्याचं नाव असलं की कुणालाच सरळ विचार करता येत नाही, मग "अहो तो चांगल्या घरातला आहे" सुरू होतं.

सगळ्यात पहिला फॉर्म पाळकांनी किंवा फादरांनी भरावा, मग कमिटीने, मग बाकीच्यांनी. आमच्याकडे एक मावशी खूप वर्षं संडे स्कूल घेत होत्या, फॉर्म बघून त्यांच्या डोळ्यात पाणी आलं, म्हणाल्या "माझ्यावर संशय घेता का रे बाळांनो?" त्यांना समजावून सगळे थकले, शेवटी पाळकांनी स्वतःचा भरलेला फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला, म्हणाले मावशी माझापण आहे, आणि त्यांनी पेन मागितलं. जुन्या लोकांना सूट दिली की नवीन माणसाला वाटतं फक्त माझीच चौकशी, आणि खरं सांगायचं तर जुना ओळखीचा माणूस म्हणूनच कुणी त्याच्याकडे बघत नाही ही मोठी अडचण असते. ज्यांना वचनाचा आधार हवा असेल त्यांना पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र, तिसरा अध्याय दाखवा, सेवक नेमायच्या आधी त्यांची पारख करा असं तिथे स्पष्ट सांगितलंय. हा काही बाहेरून आलेला नियम नाहीये.

फॉर्ममध्ये काय हवं

पूर्ण नाव, जन्मतारीख, फोटो असलेलं ओळखपत्र हे झालंच. त्यापुढे आधीची सगळी नावं. लग्नाआधीचं आडनाव, बदललेलं नाव, बाप्तिस्म्याचं नाव वेगळं असेल तर ते, आईच्या आडनावाने कुठे नोंद असेल तर ते. हे किती महत्त्वाचं आहे त्याचं एक फार वाईट उदाहरण ब्रिटनमध्ये घडलंय. २००२ साली सोहम गावात दोन लहान मुलींचा खून झाला, खुनी तिथल्या शाळेचा केअरटेकर होता, त्याला दोन आडनावं होती आणि नोकरी देताना पोलिस तपासणी झाली ती एकाच आडनावाने. दुसऱ्या आडनावाखाली दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध आधीच्या तक्रारी आलेल्या होत्या. यावर नंतर चौकशी समिती बसली आणि २००६ साली नवीन कायदा आला. म्हणून आधीच्या नावांचा रकाना कुणी रिकामा सोडला तर "नाही" असं तरी त्यांच्याच हाताने लिहून घ्या.

मग गेल्या सात ते दहा वर्षांचे पत्ते, कारण अनेक देशांत कोर्टाची रेकॉर्ड्स त्या त्या जिल्ह्यात असतात, माणूस कुठे राहिला हेच माहीत नसेल तर शोधायचं कुठे. आधी कुठल्या मंडळ्यांमध्ये होता, तिथे काय सेवा केली, का सोडलं. मध्ये दोन तीन वर्षांची पोकळी दिसली तर विचारा, बहुतेक वेळा आजारपण किंवा नोकरी असं साधं कारण असतं, पण विचारा. सरळ प्रश्नही लिहा, मुलांशी गैरवर्तनाचा आरोप कधी झालाय का, कुठल्या संस्थेने मुलांच्या कामातून थांबायला सांगितलंय का. ज्याला लपवायचंय तो खोटं लिहील हे मान्य, पण लेखी खोटं सापडलं की तेवढ्यावर नकार देता येतो, आणि काही जण हा प्रश्न वाचून फॉर्म परत आणूनच देत नाहीत, तेही चांगलंच.

शेवटी सही करून लेखी परवानगी. परवानगीशिवाय कुणाचंही रेकॉर्ड शोधू नका, हेतू कितीही चांगला असला तरी.

कागद कुठून मिळतो

हे देशादेशाला वेगळं आहे. परदेशातल्या मराठी मंडळ्यांमध्येही लोक हेच विचारतात म्हणून थोडं थोडं सगळ्यांचं सांगते.

भारतात पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळतो, अर्ज ज्याचा त्याने करायचा असतो. लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस २०१८ पासून आहे पण तो फक्त पोलिस आणि तपास यंत्रणांना उघडता येतो, तुम्हाला आम्हाला नाही, त्यामुळे ऑनलाइन शोधत बसू नका. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा, त्याचे २०२० चे जे नियम आहेत त्यात मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी आणि बॅकग्राउंड चेक ठरावीक काळाने करावं असं आहे. नियमात शब्द कर्मचारी असा आहे, पण तुमच्या चर्चमध्ये मुलं ज्यांच्या हातात आहेत ते बहुतेक पगाराविना काम करणारेच असतात, तेव्हा व्हॉलंटिअर्सनाही तोच नियम लावून टाका.

इंग्लंड आणि वेल्समध्ये डीबीएस चेक, म्हणजे तिथल्या सरकारी यंत्रणेकडून होणारी गुन्ह्यांच्या रेकॉर्डची तपासणी. २०१२ च्या डिसेंबरात दोन जुन्या यंत्रणा एकत्र करून हे सुरू झालं. याच्या पातळ्या आहेत, बेसिक, स्टँडर्ड, एन्हान्स्ड, आणि एन्हान्स्डबरोबर बार्ड लिस्ट, म्हणजे ज्यांना अशा कामाची बंदी आहे त्यांची यादी. मुलांसोबत देखरेखीशिवाय नियमित काम करणाऱ्याला शेवटची लागते, आणि ती स्वतःची स्वतः मागवता येत नाही, चर्चनेच मागवावी लागते. व्हॉलंटिअरसाठी सरकारी फी नाही. बार्ड लिस्टवर असलेल्या माणसाला माहीत असून अशा कामावर ठेवणं हाच गुन्हा आहे. स्कॉटलंडला याच कामासाठी पीव्हीजी म्हणून वेगळी योजना, उत्तर आयर्लंडला ॲक्सेसएनआय.

ऑस्ट्रेलियात वर्किंग विथ चिल्ड्रन चेक, आणि ते राज्याराज्याचं वेगळं असतं, राज्य बदललं तर तिथले नियम परत बघायचे.

अमेरिकेत काम सगळ्यात किचकट. तिथे खासगी कंपन्या "नॅशनल" सर्च विकतात आणि नावावरून वाटतं सगळा देश आला, पण ती ठिकठिकाणची रेकॉर्ड्स गोळा करून केलेली यादी असते आणि तिच्यात भरपूर भोकं असतात, त्यामुळे माणूस जिथे जिथे राहिला त्या काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कोर्टाचा सर्चसुद्धा घ्या. लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही मात्र न्याय विभागाच्या वेबसाइटवर सगळ्या राज्यांची एकत्र आणि फुकट शोधता येते. कंपनीकडून रिपोर्ट घेतलात तर फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट लागतो, १९७० चा आहे, त्यात सूचना वेगळ्या कागदावर द्यायची, लेखी संमती घ्यायची, आणि रिपोर्टमुळे नकार द्यायचा असेल तर आधी त्या माणसाला रिपोर्टची प्रत आणि त्याचे हक्क सांगणारा कागद द्यायचा, त्याला बोलायला वेळ द्यायचा. हा शेवटचा भाग मला फार आवडतो आणि कायदा असो नसो सगळ्यांनीच पाळावा, कारण सारख्या नावाचे लोक असतात. नाव जुळलं पण जन्मतारीख जुळली नाही अशा रिपोर्टवर कुणाची बदनामी झाली तर ती परत भरून येत नाही.

फोन करायचाच

आता माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग. तीन माणसांचे संदर्भ मागा, नातेवाईक चालणार नाही, त्यातला एक तरी असा हवा ज्याने या व्यक्तीला मुलांबरोबर काम करताना बघितलंय. आधीच्या चर्चच्या पाळकांना फोन कराच, आणि नंबर स्वतः शोधा. पत्रावर समाधान मानू नका, पत्र लिहिताना प्रत्येकजण चांगलंच लिहितो, फोनवर माणूस थांबतो, शब्द शोधतो, ते ऐकू येतं.

काय विचारायचं? "तुम्ही यांना किती वर्षं आणि कशामुळे ओळखता, मुलांशी वागताना कधी काही खटकलं का, कुणी पालक कधी काही बोलले का, कुणी सांगितलेला नियम ते पाळतात का, आणि तुमच्या स्वतःच्या मुलाला किंवा नातवंडाला त्यांच्या वर्गात पाठवाल का?" शेवटचा प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. घाईने पुढचं बोलू नका. समोरचा "हो अगदी" म्हणाला की कळतं, आणि "हो... म्हणजे काय आहे ना" म्हणाला की तेही कळतं. मग प्रेमाने विचारा की तुम्ही थोडं थांबलात, काय मनात आलं. तारीख, वेळ, कोण काय बोललं हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

याशिवाय प्रत्यक्ष भेटून मुलाखत, दोघांनी मिळून. आणि सहा महिने. नवीन माणसाने मंडळीत सहा महिने नियमित यावं आणि मगच मुलांच्या कामात यावं असा नियम खूप चर्चेस पाळतात, तुम्हीही ठेवा. ज्याला फक्त मुलांपर्यंत पोचायचंय त्याला बऱ्याचदा थांबायला जमत नाही, तो सोपी जागा शोधतो. तोपर्यंत त्यांना स्वागताला, खुर्च्या लावायला, गाण्याला घ्या, सेवा करायची इच्छा वाया जात नाही.

रिपोर्टमध्ये काही निघालं तर

मुलांविरुद्धचा कुठलाही गुन्हा, लैंगिक गुन्हा, असेल तर मुलांचं काम कायमचं बंद, यावर चर्चा नाही, कितीही वर्षं झाली असली तरी, कितीही रडून साक्ष दिली असली तरी. इथे मंडळीत नेहमी एक वाक्य येतं की देवाने क्षमा केली तर आपण कोण. मला त्या वाक्याचा आदर आहे, पण क्षमा ही त्याच्या आणि देवाच्या मधली गोष्ट, आणि नर्सरीची किल्ली ही आपण त्या लेकरांच्या आईबापांना दिलेल्या शब्दाची गोष्ट. त्याला उपासनेला यायचं असेल तर लेखी करार करून येऊ दे, सोबत एक ठरलेला माणूस, मुलांच्या मजल्यावर जायचं नाही, मुलांचे कार्यक्रम असतात तेव्हा यायचं नाही, आणि शिक्षेच्या किंवा कोर्टाच्या काही अटी असतील तर त्या सगळ्यात वर.

बाकीच्या गोष्टी मात्र डोकं शांत ठेवून बघा. वीस वर्षांपूर्वी कॉलेजात असताना मारामारीत नाव आलं, त्यानंतर काही नाही, आणि त्याने फॉर्मवर स्वतःच लिहिलंय, तर गुन्हा काय, किती जुना, तेव्हा वय काय, त्यानंतर आयुष्य कसं गेलं, आणि मागितलेल्या कामाशी त्याचा संबंध काय, एवढं बघा. दारू पिऊन गाडी चालवलेल्याला व्हॅन नको, पण तो क्वायरमध्ये गाऊ शकतो. ज्याने स्वतः सांगितलं त्याला आणि ज्याने लपवलं त्याला एकाच मापाने मोजू नका.

नकार देताना दोघांनी भेटून द्या, खासगीत, फोनवर मेसेज टाकून नाही. बाहेर फक्त एवढंच जातं की ते या कामात नाहीत.

कागद कुठे ठेवायचे ते पण सांगते कारण यात खूप ढिसाळपणा असतो. ओळखपत्राचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवू नका, प्लीज. रिपोर्ट फक्त दोन जणांनी बघायचा, कुलपाच्या कपाटात किंवा पासवर्डच्या फोल्डरमध्ये ठेवायचा, आणि प्रार्थनेचा विषय म्हणून कुणाची माहिती मीटिंगमध्ये निघता कामा नये, हे मी होताना बघितलंय आणि त्या माणसाने त्यानंतर चर्चच सोडलं.

अठराच्या आतली मुलं मदतनीस असतात, त्यांच्याबद्दल पोलिस रेकॉर्डमध्ये सहसा काही मिळणार नाही, त्यांच्यासाठी शाळेच्या शिक्षकांशी आणि पालकांशी बोला, आणि खोलीत दोन मोठी माणसं हवीत असा जो नियम आहे त्यात त्यांना मोजू नका. तो दोन माणसांचा नियम, दरवाजाला काच, एकट्या मुलाला घरी सोडायचं नाही, हे तपासणी झालेल्या प्रत्येकालाही लागू, पाळकांनासुद्धा.

तपासणी दर दोन तीन वर्षांनी परत करा. डीबीएसच्या सर्टिफिकेटला अधिकृत मुदत नसते, म्हणून लोकांना वाटतं एकदा झालं म्हणजे झालं, पण तो कागद फक्त ज्या दिवशी निघाला त्या दिवसापर्यंतचं सांगतो. एका वहीत नावं आणि पुढची तारीख लिहून ठेवा, सगळ्यांचं एकाच महिन्यात केलं तर विसरायला होत नाही.

मधल्या काळात कुणा मुलाने काही सांगितलं किंवा शंका आली, तर कमिटीने स्वतः चौकशी करत बसायचं नाही, त्या माणसाला लगेच कामातून बाजूला करून पोलिसांना कळवायचं. भारतात पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे माहिती किंवा शंका असलेल्या कुणालाही कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. मंडळीचं नाव खराब होईल हा विचार त्या वेळी मनात येतोच, येऊ दे, पण फोन आधी करा.

आणि एक राहिलं. तुमच्याकडून कुणी सोडून दुसऱ्या चर्चमध्ये गेलं की एक दिवस तुम्हालाही तसाच फोन येईल, पलीकडे कुणीतरी अनोळखी ताई विचारत असतील की तुमच्या नातवाला यांच्या वर्गात पाठवाल का. फाइल काढा, तारखा बघा, आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगा.